वतनाच्या तंट्यांत वादीच्या वतीनें कोण बोले?

जुनीं दफ्तरें जमविणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनीं गेल्या पावसाळ्यांत आम्हांस एक मोडी पत्र दाखविलें. पाटीलकीच्या वांटणीवरून दोन चुलतघराण्यांत लागलेल्या कलहाचें तें पत्र असून, अमक्याचे वकील हुजूर आले, असा मजकूर त्यांत होता. यावरून पेशवाईंत वारसाच्या तंट्यांत पक्षकार वकील देत असत आणि चांगला वकील हुडकण्याची यातायात आजच्याप्रमाणेंच त्यांनाहि पडत असे, असें अनुमान काढून त्यांनीं एक टिपणहि सिद्ध केलें होतें. अनुमान मोहक आहे. पण तें टिकत नाहीं, असें आम्हांस वाटतें. तें कां टिकत नाहीं, आणि वकील नव्हता तर त्याचें काम कोण करी, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे. शेवटीं संग्राहकांच्या एका संवयीविषयींहि थोडें लिहावयाचें आहे. तें कांहींस अप्रिय वाटेल, याबद्दल आगाऊ क्षमा मागतों.

प्रथम शब्दाचा विचार करूं. वकील हा शब्द अरबी असून, आपला भार ज्याच्यावर टाकला तो, असा त्याचा मूळ अर्थ आहे. मराठी राजकीय पत्रव्यवहारांत मात्र तो परदरबारीं राहणाऱ्या प्रतिनिधीला रूढ झालेला दिसतो. दिल्लीस हिंगणे, निजामाकडे गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील; त्यांनीं कोणा रयतेची फिर्याद लढविली नाहीं. स्नेह्यांच्या पत्रांतील पुढील चार ओळी नीट लाविल्या तेव्हां तो 'अमका' वादी किंवा प्रतिवादी नसून, ज्याच्या सरंजामांत तो गांव पडत होता तो सरदार निघाला; आणि त्याचा वकील वसुलाच्या तक्रारीसाठीं आलेला होता. पाटीलकीचा मजकूर जातां जातां आला होता इतकेंच. एका शब्दाचा आजचा अर्थ मागें नेऊन लावण्यानें इतिहास कसा वांकडा होतो, याचें हें लहानसें उदाहरण होय.

तथापि दुसऱ्याच्या वतीनें बोलण्याची कल्पनाच आपल्याकडे नव्हती, असें मात्र कोणी समजूं नये. भाऊ, पिता, पुत्र किंवा रीतसर नेमलेला मनुष्य यांवांचून जो दुसऱ्यासाठीं वाद करील तो दंडास पात्र, असें नारदाचें मत आहे. आणि ज्याच्यासाठीं वाद केला त्याचाच जय वा पराजय, हेंहि त्यानें सांगितलें आहे. बृहस्पतीनें भित्रा, जड, वेडा, वृद्ध, स्त्री, बालक व रोगी यांच्यासाठीं नेमलेल्या मनुष्यानें बोलावें अशी सोय केली. कात्यायनानें ब्रह्महत्या, सुरापान, चोरी यांसारख्या भारी अपराधांत प्रतिनिधि चालणार नाहीं, ज्याचें त्यानेंच उत्तर दिलें पाहिजे, असा निर्बंध घातला. म्हणजे स्मृतिकारांपुढें नात्यांतला किंवा विश्वासांतला माणूस होता. पैसे घेऊन कोणाहि परक्यासाठीं बोलणारा धंदेवाईक त्यांच्यापुढें होता काय, हा खरा प्रश्न.

या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देणारे बहुधा शुक्रनीतीचा आधार घेतात. तींत नेमलेल्या मनुष्याची भृति ठरवून दिली आहे. दाव्याच्या रकमेचा सोळावा, विसावा, चाळिसावा, ऐंशीवा किंवा एकशेंसाठावा हिस्सा, आणि रक्कम जितकी मोठी तितका हिस्सा लहान. वाचतांना आजच्या फीच्या कोष्टकाचीच आठवण होते, आणि संशय येतो तो येथेंच. या ग्रंथाचा काळ फार वादग्रस्त आहे, डॉ. लल्लनजी गोपाल यांनीं तर तो एकोणिसाव्या शतकांतला आहे असें प्रतिपादिलें. तें मत कोणी मानो वा न मानो, एवढ्या डळमळीत पायावर प्राचीन वकिलीची इमारत उभारूं नये, असें आम्हांस वाटतें.

त्याहून महत्त्वाचा पुरावा नारदस्मृतीवरील असहायाच्या भाष्यांत आहे, पण त्याकडे कोणी फारसें पाहत नाहीं. तेथें पाटलिपुत्रांतील एक गोष्ट दिली आहे. श्रीधर नांवाच्या सावकारानें महीधरास दहा हजार द्रम्म कर्जाऊ दिले, महीधर मेला, आणि कर्ज त्याच्या पणतवाच्या पदरीं आलें. तेव्हां स्मार्तदुर्धर नांवाचा एक ब्राह्मण पुढें होऊन, चौथ्या पुरुषावर ऋण येत नाहीं हें आपण शास्त्रानें सिद्ध करूं, म्हणून सांगतो. आणि एक हजार द्रम्म कबूल करून घेतो. विषय वारशाचाच आहे; वाडवडिलांच्या धनाबरोबर त्यांचें ऋण कोठवर येतें, हा त्यांतला वाद आहे. शास्त्र जाणणारा, मोबदला ठरविणारा, घराण्याशीं नातें नसलेला असा हा मनुष्य आजच्या वकिलाच्या सर्वांत जवळ येतो. आणि कथाकारानें त्याला नांव दिलें आहे तें दुर्धर! त्यावरून अशा मनुष्याविषयीं त्या काळच्या शास्त्रज्ञांचें मत काय होतें, तें वाचकांनींच ओळखावें.

आतां आपल्या दफ्तरांकडे वळूं. मराठेशाहींतील वतनाचा तंटा म्हणजे बहुधा वारसाचाच तंटा. वडीलपण कोणाकडे, धाकटेपण कोणाकडे. मान पानाचा हक्क कोणाचा. दत्तक खरा कीं खोटा. परागंदा झालेल्या भावाचा वंशज तीन पिढ्यांनीं परत आला तर त्याची तक्षीम द्यावी कीं नाहीं, अशा गोष्टींवरून हे कलह माजत. अशा एका वादाचे सर्व कागद एकत्र मिळाले तर त्यांचा क्रम सहज लागतो. आधीं फिर्यादीचा अर्ज. मग दोघांची हजीरजामिनकी. मग अग्रवादी व पश्चिमवादी यांच्या तकरीरा. मग होईल तो निवाडा मान्य करूं अशा अर्थाचे राजीनामे. त्यामागून साक्षी व जुन्या कागदांच्या नकला. आणि शेवटीं महजर किंवा निवाडपत्र. या सगळ्यांत पैसे घेऊन बोलणारा वकील आम्हांस कोठें भेटला नाहीं. वादी स्वतः उभा असतो, किंवा त्याचा भाऊ, पुतण्या. घराणें मोठें असेल तर मुतालिक वा कारकून.

हें केवळ आमचें निरीक्षण नव्हे. पेशव्यांपासून जिंकलेल्या मुलखाविषयीं माऊंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ मध्यें जो अहवाल लिहिला, त्यांत पंचायतीपुढें श्रीमंत मनुष्य आपला कारकून पाठवी, गरीब मनुष्य एखाद्या चतुर शेजाऱ्यास बोलावयास नेई, पण भाड्याचे वकील ठाऊक नव्हते, अशा अर्थाची नोंद आहे. परकी अधिकाऱ्याच्या सर्वच नोंदी आम्ही प्रमाण मानीत नाहीं. परंतु या ठिकाणीं ती दफ्तरांशीं जुळते.

मग शहाणा वादी शोधी तरी कोणास? आमच्या मतें तो तिघांना शोधी. पहिला, तकरीर लिहून देणारा. तकरीर वादीच्या तोंडची म्हणून लिहिलेली असली तरी ती त्याच्या हातची क्वचितच असते. पाटील खालीं नांगराची निशाणी करतो. वरचा मजकूर कुळकर्ण्याच्या किंवा दुसऱ्या कोणा जाणत्याच्या वळणाचा असतो. आपल्या मूळ पुरुषापासून आरंभ करून, भाऊबंद कसे वांटले, दुष्काळांत कोण कोठें गेला, भोगवटा कोणाकडे चालत आला, हें क्रमानें मांडणें आणि आपल्या बाजूचा दुबळा धागा हलकेच झांकणें ही कला आहे. एकाच परगण्यांतल्या निरनिराळ्या घराण्यांच्या तकरीरा शेजारीं ठेवून पाहाव्या. वळण एक, वाक्यांची ठेवण एक, असें आढळलें तर त्या लेखकाचा लौकिक त्या भागांत कोणता असेल, हें वेगळें सांगावयास नको. न्यायसभेंत तोंड न उघडणारा हा लेखणीचा वकीलच म्हणावयाचा. संग्राहकांनीं तकरीरांचीं वळणें या दृष्टीनें ताडून पाहिलीं तर एक नवें प्रकरण उघडेल.

दुसरा, ज्याच्याजवळ जुनें दफ्तर आहे तो देशपांडे, किंवा ज्याला सर्व आठवतें असा गांवचा म्हातारा. लिखित, भुक्ति आणि साक्षी या तीन प्रमाणांवर वाद चाले. तीं थकलीं म्हणजे दिव्याची पाळी येई. तापलेल्या तेलांतून रवा काढण्यापर्यंत गोष्ट जाई. तेव्हां आपल्या बाजूचा एक जुना महजर कोणाच्या पेटींत आहे हें ज्याला ठाऊक, तो मनुष्य वाटेल त्या वाक्पटूहून मोलाचा ठरे. तिसरा, शास्त्री. दत्तकाचा किंवा स्त्रीच्या वारशाचा प्रश्न निघाला म्हणजे धर्मशास्त्राचा निर्णय लागे, आणि आपल्यास अनुकूल व्यवस्थापत्र देईल असा विद्वान मिळविण्यासाठीं पक्षकार खटपट करीत.

याशिवाय आणखी एक निवड वादीला करावी लागे. तिला आम्ही या सर्वांहून अधिक महत्त्व देतों. ती म्हणजे थळाची. तंटा कोणत्या गोतसभेपुढें चालावा, याला थळ म्हणत. आपल्या परगण्याचा देशमुख प्रतिपक्षाचा सोयरा आहे, तेथें न्याय होणार नाहीं, आम्हांस दुसरें थळ द्यावें, अशी मागणी करण्याची रीत होती. आज वारसाच्या दाव्यांत मनुष्य वकिलाची जी चवकशी करतो, म्हणजे हा विरुद्ध बाजूशीं बांधलेला नाहीं ना, याला आमच्या भागाचा परिचय आहे ना, ती सर्व चवकशी त्या काळीं थळाविषयीं होई. खर्चहि त्याच मार्गानें जाई. जिंकणारानें हरकी वा शेरणी भरावयाची, हरणारानें गुन्हेगारी. बोलणाऱ्याची फी अशी रकम या हिशेबांत दिसत नाहीं.

कंपनी सरकारानें हें सर्व उलटें केलें. बंगाल्यांत १७९३ च्या सातव्या रेग्युलेशनानें सनदी वकिलांचा वर्ग निर्माण झाला. मुंबई इलाख्यांत १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनांत वकिलांच्या सनदांची तजवीज आहे. १८४६ च्या पहिल्या कायद्यानें जात, धर्म, देश न पाहतां लायक मनुष्यास हा धंदा मोकळा झाला. यामुळें गोतसभा गेली, थळ गेलें, आणि आतां योग्य वकील निवडणें हाच वादीच्या हातीं उरलेला एक उपाय झाला.

मुंबई इलाख्यांत ही निवड विशेष नाजूक होती, याचें कारण १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनाच्या सव्विसाव्या कलमांत आहे. पार्लमेंटचे कायदे व सरकारी रेग्युलेशनें नसतील तेथें देशाचा रिवाज पाहावा. तो नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा. तोहि नसेल तर न्याय, समता व सदसद्विवेक, असा क्रम त्यांत लावला आहे. रिवाज आधीं आला, शास्त्र मागून. आणि शास्त्र तरी एक कोठें होतें? देशावर मिताक्षरेचा मान पहिला. गुजराथेंत, मुंबई बेटांत व उत्तर कोंकणांत नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख तिच्याहि वर चढे. नीलकंठभट्टाचें घराणें मूळचें पैठणचें. त्याचे पूर्वज काशीस जाऊन राहिले. काशींत बसून लिहिलेल्या ग्रंथानें गुजराथेंतील घरें कोणाकडे जावींत तें ठरविलें, ही गंमत आम्हांस नेहमींच वाटत आली आहे.

वसिष्ठाचें एकच वचन घ्या. भर्त्याच्या अनुज्ञेवांचून स्त्रीनें पुत्र देऊं वा घेऊं नये, असा त्याचा आशय आहे. एवढ्या एका वाक्यावर चार देशांत चार निर्णय झाले. मिथिलेंत विधवेला दत्तक घेतांच येत नाहीं असा अर्थ निघाला, कारण अनुज्ञा देणारा पतिच उरला नाहीं. बंगाल्यांत पतीनें जिवंतपणीं दिलेली अनुज्ञा पुरे मानली. द्रविड देशांत सपिंडांची संमति चाले. महाराष्ट्रांत मयूखकारानें तें वचन पति हयात असलेल्या स्त्रीपुरतेंच आहे असें लाविलें, आणि विधवेला कोणाच्याच परवानगीची गरज राहिली नाहीं. मदुरेच्या कलेक्टराच्या प्रसिद्ध खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलनें १८६८ मध्यें हा भेद नमूद केला. आणि त्याच सालीं मुंबईच्या हायकोर्टानें रखमाबाई विरुद्ध राधाबाई या खटल्यांत महाराष्ट्रांतील विधवेचा अधिकार स्पष्ट सांगितला. अविभक्त कुटुंबांतील विधवेचा प्रश्न निराळा होता, तो येथें काढीत नाहीं. बहिणीच्या वारशाचीहि अशीच गोष्ट. इतर प्रांतांत तिला १९२९ च्या दुसऱ्या कायद्यानें स्थान मिळालें; मुंबई इलाख्यांत ती त्याच्या कितीतरी आधींपासून वारस होती.

तेव्हां सातारच्या विधवेनें बंगाली ग्रंथांवर पोसलेला वकील दिला असता तर तिचें वतन गेलें असतें, असें म्हणण्यांत अतिशयोक्ति नाहीं. १८६४ पर्यंत न्यायालयांत सरकारी शास्त्री असत, त्यांचा कांहीं आधार होता. त्या सालच्या अकराव्या कायद्यानें तेहि गेले. न्यायाधीश व वकील यांच्याजवळ उरलीं तीं भाषांतरें: कोलब्रुकची १८१० ची मिताक्षरा, बोरोडेलचा १८२७ चा मयूख, आणि स्टील यानें दख्खनच्या रिवाजांचा केलेला संग्रह. वेस्ट व ब्युलर यांनीं शास्त्र्यांचीं जुनीं व्यवस्थापत्रें जमवून ग्रंथ केला, तो या पोकळींतूनच निघाला. पण मूळ वचन उघडून, येथें भाषांतर चुकतें, असें कोर्टाला सांगणारा वकील हवा होता. तो विश्वनाथ नारायण मंडलिकांच्या रूपानें मिळाला. मुरुडच्या या गृहस्थांनीं वकिली करीत असतांनाच मयूखाचें व याज्ञवल्क्यस्मृतीचें नवें भाषांतर १८८० मध्यें प्रसिद्ध केलें, आणि त्यास निरनिराळ्या जातींच्या रिवाजांची माहिती जोडली. काशिनाथ त्रिंबक तेलंग हे संस्कृतज्ञ पुढें न्यायासनावर बसले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं १९२६ मध्यें मयूखाची चिकित्सक आवृत्ति काढली, तेव्हां तेहि हायकोर्टांत वकिली करीतच होते. धर्मशास्त्राचें आपल्याकडील संशोधन पाठशाळेइतकेंच वकिलाच्या कचेरींत वाढलें, हें आम्हां शाळामास्तरांना कबूल करणें भाग आहे.

ताई महाराज प्रकरण सर्वांस ठाऊक आहे, म्हणून त्याचा उल्लेखच करतों. १९०१ च्या जूनांत औरंगाबादेस झालेल्या दत्तविधानाचा वाद प्रिव्ही कौन्सिलांत १९१५ सालीं संपला. मध्यंतरीं विश्वस्त लो. टिळक, जे स्वतः कायद्याचे पदवीधर होते, त्यांच्यावर फौजदारी खटला होऊन १९०४ मध्यें ते हायकोर्टांत निर्दोष ठरले. एका दत्तकाच्या वैधतेला चौदा वर्षें लागलीं.

१९५६ च्या कायद्यांनीं मिताक्षरा व मयूख यांचें बहुतेक राज्य संपविलें. २००५ च्या दुरुस्तीनें मुलगी सहदायाद झाली. वतनें तर १९५० नंतरच्या कायद्यांनीं एकेक करून गेलीं. मग जुन्या कागदांचा वारसाशीं आज संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो संग्राहकांच्या पेटीशीं येऊन भिडतो.

आमचा एक जुना विद्यार्थी दोन वर्षांमागें एक रुमाल घेऊन आमच्याकडे आला. त्याच्या पणजोबांचें दत्तविधान झालेंच नव्हतें, असें चुलतघराणें म्हणत होतें. घर व थोडी जमीन पणास लागली होती. त्यानें शहरांतला एक मोठ्या नांवाचा वकील दिला होता. त्या वकिलास मोडी येत नव्हती, यांत दोष नाहीं. पण त्यानें कोणाकडून तरी लिप्यंतर करवून घेऊन तें न तपासतां दाखल केलें. मोडींत जोडाक्षरें पुष्कळदां सुटीं राहतात व शब्द तोडलेले नसतात. 'दतपुत्र' असें लिहिलेलें होतें. लिप्यंतरकारानें 'दतुपुत्र' असें वाचून वंशावळींत दत्तू नांवाचा एक पुरुष जन्मास घातला! प्रतिपक्षानें साहजिकच विचारलें, हा दत्तू कोण?

विद्यार्थ्यानें मग तालुक्याच्या गांवचा एक वयस्क वकील गांठला. त्याच्या कारकुनाच्या घरीं कुळकर्ण होतें, त्यामुळें मोडी वाचणारा माणूस कचेरींतच होता. परंतु त्या वकिलानें वाचनाच्या आधीं दुसरेंच विचारलें: हा कागद कोणत्या पेटींत होता, आणि ती पेटी कोणाच्या घरीं? योग्य वकील तो हाच, हें आम्ही तेव्हांच ओळखलें. तीस वर्षांहून जुना लेख योग्य ताब्यांतून पुढें आला तर तो खरा आहे असें न्यायालय धरूं शकतें. हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि आहे. लिहिणारे व साक्षी केव्हांच गेलेले, तेव्हां अशा कागदाला ताबा हाच एक साक्षीदार उरतो.

आणि येथेंच घोटाळा निघाला. दत्तपत्राचा वरचा, शिक्क्याचा भाग विद्यार्थ्याच्या काकांनीं पूर्वीं एका संग्राहकास विकला होता. घरांत होता तो खालचा तुकडा. संग्राहक सज्जन होते. त्यांनीं शिक्का जपून ठेवला होता, पण तो कोणाकडून, कोणत्या घरांतून आला, याची नोंद केली नव्हती. ते आम्हांस म्हणाले, "मास्तर, मला शिक्का हवा होता, घराणें नको होतें." या वाक्यानें आम्हांस जेवढें वाईट वाटलें, तेवढें त्या दत्तूच्या जन्मानेंहि वाटलें नव्हतें. संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, शिक्क्यासाठीं लेख कापूं नये. एका रुमालाचे कागद विषयवार वेगळे करण्याआधीं मूळ क्रम लिहून ठेवावा. देणाराचें नांव, गांव व तारीख कागदाबरोबर ठेवावी. आणि बनेल तेथें मूळ कागद घरींच राहूं देऊन आपण छायाचित्र घ्यावें. हें संशोधनासाठीं तर हवेंच. पण ज्यांचे ते पूर्वज, त्यांनाहि केव्हां तरी त्याची गरज लागते.

त्या सज्जनांनीं पुढें वरचा तुकडा परत केला आणि तो कसा मिळाला याचें प्रतिज्ञापत्रहि दिलें. दोन्ही तुकड्यांच्या कडा जुळतात. शिक्क्याखालीं जी अर्धी ओळ तुटली होती, ती जोडल्यावर साक्षीदारांत गांवच्या जोश्याचें नांव निघालें. जोश्यांच्या घरीं त्या सालचें कांहीं टिपण आहे काय, तें पाहण्यासाठीं आम्ही व तो कारकून पुढील महिन्यांत जाणार आहों. दावा अजून चालू आहे.